कोऱ्या कागदावरची सही

प्रिय इरा आणि मिहिर,

गेल्या महिन्यात इराने शाळेच्या प्रकल्पासाठी तिच्या भागातल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहिलं. शाळेसमोरच्या रस्त्यावर पांढरे पट्टे मारून हवेत, असं. चार दिवसांत छान उत्तर आलं. व्हिडिओ कॉलवर ते मला दाखवताना ती म्हणाली, "आजी, एवढ्या बिझी माणसाने माझं पत्र वाचलं!" मी हसले आणि मिहिरच्या सर्दीची चौकशी सुरू केली.

इरा, त्या माणसाने तुझं पत्र बहुधा वाचलेलं नाही. तुला उत्तर लिहिलं ते त्याच्या ऑफिसात बसणाऱ्या, माझ्यासारख्याच कुणीतरी. खाली सही तेवढी त्याची असेल. ती सही मजकूर लिहिण्याआधी झाली की नंतर, हा प्रश्न तुला पडणार नाही. मला लगेच पडला, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुम्ही दोघं मला नेहमी विचारता की आजी, तू काय काम करायचीस, आणि मी "ऑफिसात होते" एवढंच सांगते. इथल्या एका दिवाळी अंकाचे संपादकही वर्षभर मागे लागले आहेत. तेव्हा दोघांना मिळून एकदाच सांगते. अडेल तिथे आईला विचारा.

मी एका आमदाराची स्वीय सहायक, म्हणजे पी.ए. होते. आमदारांचं नाव माणिकभाऊ. त्यांचं परभणीत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी भरावी लागते, ते हे काम. मी इंग्रजीत एम.ए. होते आणि शिकवण्या घेत होते. भाऊंना तारेच्या कंपनीला इंग्रजीत तक्रार करायची होती, ती मी लिहून दिली. तार बदलून मिळाली. भाऊ म्हणाले, "बाई, शिकवण्या सोडा, माझ्याकडं या. तुमच्या कागदाला करंट हाय." पुढे ते निवडून आले आणि दुकानाच्या मागच्या खोलीत आमदारांचं कार्यालय झालं. पुढे मोटारी, मागे माणसं. तारेवरच्या वॉर्निशचा वास दोन्हीकडे सारखाच.

भाऊ मतदारांना मोटारींवरून ओळखत. कुणी चारठाण्याहून आला की म्हणत, "पाच हॉर्सपावर, दोनदा जळालेली. मालक, व्होल्टेज सुधारलं का?" गिऱ्हाईकाला आधी पाणी द्यायचं आणि मग काम विचारायचं, ही दुकानाची शिस्त त्यांनी कार्यालयातही चालवली. दुसरीही एक सवय त्यांनी दुकानातून आणली, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

आमदार काय करतो, असं लोक विचारतात. विधानसभेत तो बोलतो ते वर्षातले थोडे आठवडे. उरलेल्या दिवसांत तो पत्रं देतो. दवाखान्यात खाट मिळावी, विजेचं रोहित्र बदलावं, वीज पडून मेंढरं मेली त्याचा पंचनामा व्हावा, मुलीला वसतिगृहात जागा मिळावी. ही सगळी पत्रं मी लिहायची. त्यांची एक खूण असते, ती बाहेर कुणाला ठाऊक नसते. पत्राच्या शेवटी "उचित कार्यवाही व्हावी" असं असेल, तर अधिकारी समजतो की समोरच्याचं मन राखायला दिलेलं पत्र आहे, फायलीला लावा. "तातडीने कार्यवाही करून मला अवगत करावे" असं असेल, तर समजतो की याची विचारणा होणार. कुणाला कुठलं वाक्य द्यायचं ते भाऊ डोळ्यांनी सांगत आणि मी टंकत असे. माणूस दोन्ही पत्रं सारख्याच आनंदाने कपाळाला लावून घेऊन जायचा. याची मला पहिली दोन वर्षं लाज वाटली, नंतर वाटेनाशी झाली.

एकदा राणीसावरगावकडचे एक गृहस्थ आले. धोतर, डोक्याला रुमाल. म्हणाले, "भाऊचं पत्र पायजे. बायकूला."

"बायकोला? काय लिहू?"

"हेच, की ताबडतोब कारवाई करून सासरी यावं. मह्यं ऐकना झाली ती. लेटरपॅडवर असलं तर ऐकल."

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "मामा, हे खातं आपल्याकडं न्हाई. त्या खात्याचा मंत्री तिचा भाऊ. त्याच्याकडं जा, आन जाताना लुगडं घेऊन जा."

असे दिवसही होते. पण मला त्या कामाचं जे आठवतं ते हसू नव्हे. आठवतो तो एक हिवाळा.

दुसऱ्या सवयीबद्दल आता सांगते. दुकानात भरलेल्या मोटारीबरोबर भाऊ सहा महिन्यांचं गॅरंटी कार्ड देत. गर्दीच्या दिवसांत लिहायला वेळ नसे, म्हणून सकाळीच पंचवीस-तीस कोऱ्या कार्डांवर सह्या करून गल्ल्याशेजारी ठेवत. गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं आणि द्यायचं. आमदार झाल्यावर अधिवेशनाला नागपूरला किंवा मुंबईला निघताना ते तसंच करू लागले. पंचवीस कोरी लेटरपॅडं पुढ्यात घ्यायची आणि चहा पीत खाली सह्या ओढायच्या. मी पहिल्यांदा म्हणाले होते, "भाऊ, हे बरं नव्हे."

"कामून? तुमी हाव की. मला तुमची फिकीर न्हाई."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. मी ते कागद माझ्या कपाटात ठेवत असे, आणि प्रत्येक पत्र आवक-जावक नोंदवहीत चढवत असे. प्रत्येक पत्राला एक जावक क्रमांक. माझ्या नोंदवहीत खाडाखोड नसे. हे मी अभिमानाने सगळ्यांना सांगत असे.

कार्यालयात आणखी एक माणूस होता, गंगाधर. भाऊंचा जुना कार्यकर्ता, चाळिशीचा, वालूरकडच्या एका गावचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गंगाधर माणसांना रांगेत बसवायचा, चहा सांगायचा, मला उशीर झाला तर माझ्यासाठी भाकरी बांधून आणायचा. मीच त्याला टंकलेखन शिकवलं होतं. दोन बोटांनी करायचा, पण चूक नसायची.

त्या हिवाळ्यात भाऊ नागपूरला गेले. पहिल्या सोमवारी मी कागद मोजले. पत्रं गेली होती सहा. कोरे कागद उरायला हवे होते एकोणीस. होते अठरा.

मी तीनदा मोजले. दोन कागद चिकटले असतील म्हणून एकेक उजेडात धरला. कपाटाखाली वाकून पाहिलं. मग स्वतःला सांगितलं की भाऊंनी चोवीसच सह्या केल्या असतील, त्या दिवशी माणसं फार होती. पण मला ठाऊक होतं की सह्या झाल्या तेव्हा पंचवीस मोजून घेतल्या होत्या. मुलांनो, कोऱ्या कागदाखाली आमदाराची सही म्हणजे काय, हे समजून घ्या. त्यावर काहीही लिहिता येतं. कुणाचं काम करा, कुणाचं अडवा, कुणाला हलवा. मी रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून आधी जिल्ह्याचं पान शोधू लागले.

तेव्हा मी भाऊंना फोन करायला हवा होता, आणि मी नऊ दिवस केला नाही. भाऊ अधिवेशनात होते, हे कारण मी स्वतःला देत होते. खरं कारण असं की माझ्या मोजणीत कागद कमी पडला, हे मला तोंडाने म्हणवत नव्हतं.

दहाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, एक बाई आल्या. पांढरी साडी, हातात पिशवी. गंगाधरच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिका, सगळे त्यांना सुमन सिस्टर म्हणत. गंगाधर त्या दिवशी आला नव्हता. मी पाणी दिलं. त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

"मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा. मग मी जाते."

त्यांनी एक आदेश माझ्यापुढे ठेवला. त्यांची तात्पुरती बदली झाली होती, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शनिवारी उपकेंद्राचा चार्ज द्यायचा, सोमवारी तिकडे हजर व्हायचं. आदेशाला एका पत्राची प्रत जोडलेली होती. आमदारांचं पत्र. सिस्टरची वर्तणूक बरी नाही, गावाची तक्रार आहे, "तातडीने कार्यवाही करून मला अवगत करावे."

वाक्य माझं होतं. समासाची जागा माझी होती. जावक क्रमांकही घातला होता. मी नोंदवही उघडली. त्या क्रमांकावर माझ्या अक्षरात एका रस्त्याचं पत्र चढवलेलं होतं. बाहेरच्या माणसाला हे सगळं इतकं नेमकं जमलं नसतं.

"सिस्टर, तुमचं गावात कुणाशी काही झालं होतं का?"

"झालं की. दिवाळीनंतर गंगाधररावच्या पुतणीचं लगीन धरलं होतं. पोरगी सोळाची. घरचे अठराची म्हनायलेत, तसा कागद बी केलाय. पण ती माझ्या आधीच्या सिस्टरच्या हातची, तिच्या जन्माची नोंद आमच्या जुन्या रजिस्टरात हाय. मी वर कळवलं, लगीन थांबलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माझं जाऊ द्या हो, नौकरी हाय, जिथं टाकतील तिथं जाईन. पण लगीन आता ह्याच आयतवारी धरलंय, मामाच्या गावाला. शनिवारी मी चार्ज दिला, की ते रजिस्टर कुनाच्या हाती जाईल? एकदा का ते गहाळ झालं, तर त्या पोरीच्या वयाला पुरावा न्हाई."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शनिवारी चार्ज. मी मनात बोटं मोजली.

त्या गेल्यावर मी भाऊंना फोन लावला. सगळं सांगितलं, नऊ दिवस गप्प बसले तेही. भाऊंनी एवढंच विचारलं, "बाई, दस्तखत माहीच हाय न्हवं?"

"तुमचीच आहे."

"मग गंगाधरला काय इचारायचं ते मी आल्यावर इचारतो. तुमी काय करता येतंय ते बघा."

मला एक हुशारी सुचली. दुसरं पत्र. "सदर सिस्टरची बदली तूर्त रद्द करावी, मला अवगत करावे." उरलेल्या सही केलेल्या कागदांपैकीच एक घेतला, टंकला आणि गुरुवारी स्वतः आरोग्य खात्यात नेऊन दिला. चोरीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं, हे सगळ्यांच्या सोयीचं आहे. तासाभरात तिथल्या वरिष्ठ साहेबांचा फोन आला. माणूस सभ्य होता.

"मॅडम, मागच्या आठवड्यात एक पत्र, आज उलटं दुसरं. पहिल्यात गावाची तक्रार आहे असं लिहिलंय. मी ती मानून आदेश काढला. आता तक्रार खोटी होती असं आमदारसाहेबांनी लिहून द्यावं, मी आजच आदेश फिरवतो. नुसतं 'रद्द करा' म्हटलं तर उद्या मला कुणी विचारेल, दोन्हींतलं खरं कुठलं?"

त्याचं बरोबर होतं. मी फोन ठेवला आणि लक्षात आलं, तक्रार खोटी म्हणायची तर पत्र कुणी लिहिलं ते सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर कोऱ्या कागदांवर सह्या असतात हे सांगावं लागेल.

शुक्रवारी सकाळी भाऊ नागपूरहून आले. दुकानातच खुर्ची टाकून बसले. गंगाधरला बोलावणं पाठवलं होतं, तो आला आणि उभाच राहिला. एक वकीलसाहेब होते, भाऊंचे मित्र.

भाऊ म्हणाले, "गंगाधर, कागद तू घेतला?"

"घेतला, भाऊ. कपाट उघडंच व्हतं."

"कामून?"

गंगाधर माझ्याकडे वळला. "ताई, खरं सांगा. मी तुमच्या म्होरं येऊन म्हनलो असतो, आमच्या गावची सिस्टर नीट वागना, हलवा तिला, तर तुमी काय केलं असतं? पत्र दिलंच असतं की. आजवर किती दिले. कोन्त्या मास्तरला इचारलं, कोन्त्या तलाठ्याला इचारलं? आमी कार्यकर्ते सांगायलाव, तुमी टाइप करायलाव. मी निस्तं तुमचं टायपिंग वाचवलं."

मुलांनो, या प्रसंगातलं मला सगळ्यात टोचतं ते हे. चोरलेलं ते पत्र आणि मी रीतसर नोंदवून दिलेली तसली पत्रं यांत फरक फक्त नोंदवहीतल्या एका ओळीचा होता. ज्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना माझ्या वाक्यांनी हलवलं, त्यांतला एकही माझ्यासमोर येऊन "माझं काय चुकलं" असं विचारायला आला नव्हता. सुमन सिस्टर पहिल्या.

वकीलसाहेब म्हणाले, "माणिकभाऊ, गंगाधरला काढून टाका आणि विषय मिटवा. कोऱ्या कागदावर सही केली असं लेखी दिलंत तर विरोधक तुमची आजवरची सगळी पत्रं बाहेर काढतील. दवाखान्यात खाट मिळालेल्या माणसाचंसुद्धा पत्र खोटं म्हणतील. एका सिस्टरपायी?"

मीही म्हणाले, "भाऊ, वकीलसाहेब म्हणतात त्यात तथ्य आहे." हे मी म्हणाले होते, ते लपवत नाही. शेकडो पत्रं वाटेत होती. पंचनाम्याची, वसतिगृहाची. ती सगळी अडली तर, ही भीती मला होती.

भाऊंनी समोरची उघडी मोटार जवळ ओढली. मग म्हणाले, "बाई, तुमी दुकानात यायच्या आधीची गोष्ट. गल्ल्यापासून माहं एक कोरं कार्ड कुनीतरी उचललं. दोन महिन्यानं एक मानूस जळकी मोटार घेऊन आला, कार्ड दाखवायला. मोटार आपन भरलेलीच न्हाई. दुसरीकडून भरून घेतलेली. कारागीर म्हनले, हाकलून द्या. मी भरून दिली, फुकट."

"का?"

"त्याला कुनीतरी इकलं होतं ते कार्ड. त्यानं दस्तखत बघून भरोसा केला. भरोसा माह्या नावावर केला, तर जळाली बी माह्याच नावावर." मग वकीलसाहेबांकडे वळून, "सिस्टरच्या आदेशावर बी माहंच नाव हाय. काय लिहायचं ते मी सांगतो. बाई, तुमी लिहा. तुमचं इंग्रजी वळण नको. सरळ लिहा."

त्यांनी सांगितलं तसं मी हाताने लिहिलं. ते पत्र मला पाठ आहे. "मी अधिवेशनाला जाताना कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवतो. त्यातला एक कागद माझ्या कार्यालयातून गेला. त्यावर सुमन सिस्टर यांच्याविरुद्ध लिहिलेली तक्रार माझी नाही आणि गावाचीही नाही. चूक माझी आहे. सिस्टरना आहे तिथे ठेवावे." गंगाधरचं नाव घालू का, असं मी विचारलं. "नगं. चाव्या त्याच्यापाशी न्हवत्या, आपल्यापाशी व्हत्या," भाऊ म्हणाले. मग पूर्ण पत्र एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि सही केली. त्यांना सही करण्याआधी वाचताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पत्र घेऊन ते स्वतः गेले. मी बरोबर होते. साहेबांनी वाचलं, पुन्हा भाऊंकडे बघितलं आणि म्हणाले, "हे फायलीला लागेल, साहेब."

"लावा. त्यासाठीच दिलंय."

शुक्रवारी दुपारी आदेश फिरला. सिस्टरनी चार्ज दिला नाही. रविवारी लग्नाच्या गावी चौकशीला माणसं गेली तेव्हा जुन्या रजिस्टराची प्रत त्यांच्या हातात होती. लग्न झालं नाही.

याला "शेवट गोड" म्हणता येणार नाही. आठवड्याभरात पत्र बाहेर फुटलं. "कोरा आमदार" असे फलक लागले. सभेत कुणीतरी कोरा कागद हलवून दाखवायचा आणि लोक हसायचे. वकीलसाहेबांची भीती खरी ठरली. कितीतरी कार्यालयांतून माझी पत्रं "खातरजमा करून पाठवा" अशा शेऱ्यासह परत आली. मेंढरांच्या पंचनाम्याचं एक पत्र त्यातच अडकलं. त्या मेंढपाळ बाई चार वेळा आल्या, पाचव्यांदा आल्या नाहीत. त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला हवं होतं. पुढच्या निवडणुकीत भाऊ पडले. पडायला कारणं शंभर असतात, पण मला दर वेळी ते एकच पत्र आठवतं. गंगाधर दुसऱ्या पुढाऱ्याकडे गेला. वाटेत भेटला तर "ताई, बरं हाय का" विचारतो, आणि मी बरं आहे म्हणते.

त्या पत्रानंतर भाऊ आमदार होते तोपर्यंत मी एकही बदलीचं पत्र समोरच्या माणसाला फोन केल्याशिवाय लिहिलं नाही. कार्यकर्ते चिडायचे. "मॅडमनी कोर्ट उघडलं," म्हणायचे. कामं कमी झाली आणि माझी झोपही फारशी सुधारली नाही. ज्यांना आधी विचारलं नव्हतं, त्यांची नावं नोंदवहीत तशीच होती.

आता दुकान बंद आहे. भाऊंचे गुडघे गेलेत, ते लेकीकडे असतात. माझ्या नोंदवह्या वाळवीने खाल्ल्या. ती मुलगी बारावी झाली, वीस वर्षांची झाल्यावर तिचं लग्न झालं, दुसऱ्या घरी. सुमन सिस्टर निवृत्त झाल्या. भाऊंच्या हातून काय राहिलं, असं मला कुणी विचारलं तर रस्ते, रोहित्रं मी मोजत नाही, ती पुन्हा खराब झालीच आहेत. ते एक पत्र मात्र परभणीत आरोग्य खात्याच्या फायलीत आहे. गेल्या वर्षी तिथल्या एका लिपिकाकरवी मी खात्री करून घेतली.

तुमची आजी